जांभळाखालचा संशयित

५ फेब्रुवारी
आजपासून मागच्या अंगणाचा चार्ज माझ्याकडे. हिला स्पष्ट सांगितलं, स्वयंपाकघर आणि गच्ची तुझी, मागचं अंगण माझं, आणि एकाने दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही. ही म्हणाली, बरं. जरा लवकरच म्हणाली. लक्षात ठेवणे.

अंगणाची स्थिती : जांभळाचं एक मोठं झाड. खाली उघडी माती, वाळकी पानं आणि घराकडच्या बाजूला हिची वेताची खुर्ची. या घरात आलो त्या वर्षी हिने जांभूळ खाऊन बी टोचली होती, त्याचं हे झाड. दुपारची कामं आटोपली की ही त्या सावलीत जाऊन बसते. लेक म्हणते, आईचं माहेर घराच्या मागेच आहे.

संकल्प : जांभळाखाली लॉन. हिरवीगार. पाहुण्यांनी चपला हातात घेऊन चालावं अशी. मी इतकी वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या स्टोअरमधून एक वॉशर कधी बाहेर गेला नाही. अंगण म्हणजे काय मोठंसं.

९ फेब्रुवारी
ही म्हणाली, जांभळाच्या दाट सावलीत गवत येत नाही, गवताला ऊन लागतं. मोबाईलवरचा टोपीवाला म्हणतो, येतं. टोपीवाल्याचे लाखो फॉलोअर आहेत. हिचा मी एकटा, तोही नाइलाजाने.

१२ फेब्रुवारी
माती आली. बुंध्याभोवती छान टेकडी केली, मध्ये उंच, कडेला उतरती. ही दारात येऊन म्हणाली, झाडाच्या गळ्यापर्यंत माती चढवू नका, बुंध्याचा तळ उघडा राहू द्या, मुळांना वारा लागला पाहिजे, नाहीतर जीव गुदमरतो त्याचा. खात्यात सरळ सरळ हस्तक्षेप. मी काही बोललो नाही. जेवलोही नाही.

१३ फेब्रुवारी
अजून बोललेलो नाही. सकाळी फक्त चहा. दुपारी फक्त बिस्किटं. रात्री जेवलो, पण न बोलता.

१४ फेब्रुवारी
ही म्हणाली, यापुढे अंगणाबद्दल अवाक्षर काढणार नाही, पण पोटाचे हाल करू नका. तत्त्वाचा विजय. दोन वेळचं एकदम जेवलो.

२० फेब्रुवारी
लॉनचे गालिचे अंथरले. फोटो सगळ्यांना पाठवला. लेकीने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

हिच्या उजव्या चपलेचा पट्टा तळातल्या भोकातून सारखा सटकत होता. खालून वॉशर बसवून पक्का केला. कपाटात वॉशरचे दोन डबे आहेत. ते वेगळे. त्यांचा स्टोअरशी काही संबंध नाही.

१८ मार्च
लॉन पिवळी. टोपीवाला म्हणतो, पाणी वाढवा. वाढवलं.

२६ मार्च
लॉन तपकिरी. पाणी वाढवूनही. पाणी नक्की कुठेतरी मुरतंय, आणि ते मातीत नाही.

२८ मार्च
जांभळाची पानं गळायला लागली. पिकलेली नव्हे, चांगली हिरवी. अवेळी. खिडकीशी उभा राहून विचार केला.

कुंपणापलीकडे दातांचे डॉक्टर राहतात. एकटेच. पुढच्या खोलीत दवाखाना. गाडी पांढरी, आणि ती आमच्या कुंपणाला लागून उभी. आमचं जांभूळ दर मोसमात तिच्यावर जांभळे डाग पाडतं. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, की गाडीला गोवर आलाय. आणि हसले होते. नुकसान झाल्यावर जो हसतो त्याच्यावर नजर ठेवावी, हे मी स्टोअरमध्ये शिकलो.

शिवाय यांचा धंदा काय? रूट कॅनाल. मुळं मारायची. वरून दात उभाच्या उभा, आतून खलास. अशा माणसाच्या नजरेला झाड म्हणजे एक मोठी दाढच की.

२ एप्रिल
पुरावा!

बुंध्याच्या कुंपणाकडच्या बाजूची माती कुणीतरी उकरून बाजूला सारली आहे. तळ अगदी उघडा. घराच्या खिडकीतून दिसणार नाही नेमकी तीच बाजू निवडली. वर तिथे परकी वेल टोचलेली. पान वरून हिरवं, त्यावर रुपेरी पट्टे, आणि उलटं केलं तर जांभळं. पुढून एक, मागून एक. कुणाची करणी ते वेगळं सांगायला नको.

हिला नेऊन दाखवलं. हिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मांजर असेल. मांजर वेल लावत नाही, असं मी म्हटलं. यावर ही भाजी निवडायला आत गेली. स्वभाव भोळा आहे.

३ एप्रिल
वेल मुळासकट उपटली आणि कुंपणावरून डॉक्टरांच्या अंगणात फेकली. चोराचा माल चोराला. माती पुन्हा चढवली, वर पायाने दाबून घट्ट केली.

११ एप्रिल
पुन्हा तेच. उकरलेलं, लावलेलं. उपटलं, फेकलं.

खबरदारी म्हणून घराकडच्या बाजूची माती दुप्पट केली. हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. हिच्या खुर्चीचे पाय थोडे बुडले. सांगितलं, तात्पुरतं आहे.

१९ एप्रिल
हिची कंबर दुखते हल्ली. विचारलं तर म्हणाली, वाकून वाकून. घरात एवढं काय वाकायचं असतं कोण जाणे. नखांतही माती. गच्चीवरच्या कुंड्यांची असणार. बायकांना विश्रांती घेणं जमत नाही.

२७ एप्रिल
तिसऱ्यांदा. उपटलं, फेकलं. या वेळी जोरात फेकलं.

फेकताना कुंपणावरून डोकावलो, तर काय! डॉक्टरांचं अंगण हिरवं होत चाललंय. भिंतीच्या कडेने सगळीकडे तीच वेल. म्हणजे उत्पादन तिथेच होतं. आता शंकेला जागा उरली नाही. डॉक्टर व्हरांड्यातून हात हलवून हसले. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळ्या अर्थाचं होतं.

४ मे
सापळा. कुंपणाकडची माती भिजवून फळीने सपाट केली. आता ठसे उमटतील. उंदीर आला तरी कळेल.

५ मे
उमटले! चपलेचे ठसे. लहान पाय. उजव्या ठशात पुढच्या बाजूला एक गोल खूण, मध्ये भोक. स्पष्ट, छापल्यासारखी.

निष्कर्ष : डॉक्टरांचे पाय लहान आहेत आणि चपलेखाली काहीतरी उपकरण लावलेलं आहे. माती तपासायचं असावं. कागदावर ठसा काढून घेतला. ही चहा घेऊन आली, कागद पाहिला, आणि कप ठेवताना अर्धा चहा बशीत सांडला. घाबरली असेल बिचारी. म्हटलं, मी आहे ना.

९ मे
डॉक्टरांच्या चपला पाहणं आवश्यक होतं. दाढ दुखते असं कारण सांगून गेलो. दवाखान्याच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या. उचलून उलट्या करून पाहत होतो, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, काय शोधताय? मी म्हटलं, कंपनी कुठली ते पाहतोय. मग खुर्चीत बसावंच लागलं.

डॉक्टर म्हणाले, दाढ खरंच किडली आहे, मूळ केव्हाच मेलंय, दुखलं नाही म्हणून तुम्हाला पत्ता नाही, काढायला हवी. काढली.

निष्पन्न : चपला मोठ्या, खाली काही नाही. माझी एक दाढ कमी. हे सुडाचं कृत्य होतं यात शंका नाही. ‘मूळ केव्हाच मेलंय’ हे सांगताना ते माझ्या डोळ्यांत पाहत होते. तो इशारा होता.

१० मे
गाल सुजलाय. बोलता येत नाही, म्हणून विचार करतोय. चपला मोठ्या, ठसे लहान. म्हणजे डॉक्टर स्वतः येत नाहीत. माणसं ठेवलीत. टोळी आहे.

२२ मे
या वर्षी जांभळाला फळच धरलं नाही. ही सकाळी बराच वेळ झाडाला हात लावून उभी होती. डॉक्टर कुंपणापाशी येऊन म्हणाले, यंदा गाडी अगदी स्वच्छ राहिली हो. स्वतःच्या तोंडाने कबुली!

आणि हातचलाखी तर पाहा. झाडाची कुंपणाकडची बाजू, जिथे ही टोळी सारखी हात घालते, ती गच्च हिरवी. घराकडची बाजू, जिथे मी डोळ्यांत तेल घालून राखण केली, माती चढवली, रोज पाणी घातलं, ती उघडी पडलेली. संशय येऊ नये म्हणून आपल्या कामाची बाजू मुद्दाम हिरवी ठेवली. डोकं आहे माणसाला. मानलं.

हिच्या खुर्चीवर आता ऊन येतं. सरक म्हटलं तर म्हणाली, माझी जागा हीच. डोक्यावर टॉवेल घेऊन बसते.

३ जून
तणनाशक आणलं. दुकानदाराने विचारलं, जवळपास मोठं झाड आहे का, कारण मुळं हे पितात. त्याला कशाला पाहिजेत चौकशा? म्हटलं, नाही. कुणी कुणाला फितवलंय सांगता येत नाही.

४ जून
ही भाजी आणायला गेली तेवढ्यात कुंपणाकडे पुन्हा लावलेली सगळी वेल फवारली. बाटली संपवली. पानापानावर. आता बोला.

१० जून
वेल काळी पडून चिखलासारखी झाली. संपूर्ण विजय.

हिला हाक मारून दाखवलं. ही आली, पाहिलं, बाटली उचलून तिच्यावरचं वाचलं. खुर्ची मातीतून उपसून काढली आणि उचलून घरात घेऊन गेली. बैठकीच्या खोलीत वेताची खुर्ची विचित्र दिसते. वर त्यात ही बसलेली, समोर भिंत.

११ जून
ही जेवते, पण बोलत नाही. ही पद्धत माझी आहे. कुठून शिकली?

१२ जून, सकाळ
मागच्या दाराशी हिच्या चपला धुऊन उलट्या वाळत टाकलेल्या. उजव्या चपलेच्या तळाला, पुढच्या बाजूला, एक गोल. मध्ये भोक.

वॉशर माझा.

१२ जून, दुपार
कागदावरचा ठसा चपलेला लावून पाहिला. योगायोग असू शकतो, असं अर्धा तास वाटत राहिलं.

१२ जून, संध्याकाळ
विचारलं. हिने लपवलं नाही. म्हणाली, हो, मीच. पहाटे तुम्ही घोरत असायचात तेव्हा. झाड गुदमरत होतं, माती काढायला हवी होती. एकदा सांगून झालं होतं, पण सांगितलं की तुम्ही जेवण सोडता, आणि उपाशी नवरा आणि गुदमरलेलं झाड दोन्ही एकदम सांभाळणं माझ्याच्याने होत नाही. घराकडच्या बाजूला खिडकी, म्हणून तिकडचं राहिलं. जेवढं जमलं तेवढं केलं.

मी म्हटलं, माती समजलं, पण वेल कशाला? ती सावलीत वाढते, म्हणाली. डॉक्टरांकडे एक कुंडी होती, त्यांनी देऊ केली. लॉन गेल्यापासून तुम्ही पुन्हा खिडकीशी उभे राहायला लागलात. नोकरी सुटल्यावर पहिले दिवस उभे राहायचात ना, तसे. वेल पसरली असती. लांबून हिरवं दिसलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, बघ, माझी लॉन आली. मी म्हटलं असतं, हो, आली.

लाज वाटली. फार वाटली. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगणं होणार नाही.

१३ जून
काल लिहिलेलं थोडं भावनेच्या भरात होतं. पुरावा पाहता संशय घेणं योग्यच होतं. फक्त दिशा चुकली.

तरी बाहेर जाऊन झाड पुन्हा पाहिलं. सावकाश, भोवती फिरून. जिथे हिने उकरलं तिथे पानं आहेत. जिथे मी राखलं तिथे नाहीत. एवढं सरळ लिहिलेलं होतं झाडावर, आणि मी ते इतके दिवस उलटं वाचलं.

१४ जून
डॉक्टर कुंपणाशी आले. म्हणाले, तुमचे आभार मानायचे राहिले. माझ्या अंगणात काही लावायला मला सवड नसते, पण तुम्ही वेळोवेळी रोपं टाकत गेलात म्हणून एवढं हिरवं झालं. वहिनी मागायला आल्या की त्यातलीच द्यायचो. तुमचीच तुम्हाला.

म्हणजे मी फेकायचो, ती तिथे रुजायची, ही मागून आणायची, मी उपटायचो, पुन्हा फेकायचो. सबंध मोसम आम्ही तिघांनी मिळून डॉक्टरांचं अंगण केलं. मी म्हटलं, त्यात काय, शेजारधर्म आहे.

लेकीला फोनवर सगळं कळलं. म्हणाली, बाबा, काखेत कळसा. पुढचं हसू आवरत नसल्यामुळे तिला बोलता आलं नाही. तिच्या आईलाही आलं नाही. चार दिवसांनी घरात हसण्याचा पहिला आवाज तो.

१६ जून
बुंध्याची माती काढायला घेतली. फावडं लागून मुळं दुखावतील म्हणून ही म्हणाली हाताने काढा. हाताने काढतोय. तळाशी साल ओली, काळी, बोट लावलं की निघते. हिला विचारलं, जगेल का? माझं खातं असताना प्रथमच काही विचारलं. ही म्हणाली, माहीत नाही. वर ते औषध प्यायलंय. थांबून बघायचं.

माहीत नाही, हे मला आवडलं नाही. जगेल म्हणायला काय जात होतं.

२९ जून
हिच्या खुर्चीच्या जागेवरची मोठी फांदी पूर्ण वाळली. पडली तर घरावर पडेल, म्हणून माणूस बोलावून कापून घेतली. कापताना ही आत थांबली. मी बाहेर थांबलो. कुणीतरी थांबायला हवं होतं.

अंगणात आता त्या जागी आकाशाचा मोठा तुकडा दिसतो. नजर सारखी तिकडे जाते.

१५ जुलै
माती सगळी निघाली. बुंधा जमिनीला मिळतो तिथे पायाच्या घोट्यासारखा रुंद होतो, हे मी या घरात आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. टोपीवाल्याला अनफॉलो केलं. त्याला कळणार नाही, पण मला कळलं.

वेताची खुर्ची अजून घरातच. मी दोनदा बाहेर नेऊन ठेवली. दोनदा आत आली.

३० जुलै
घराकडच्या बाजूला, कापलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला, एक कोंब. तांबूस. बोटाच्या पेराएवढा. हिला ओढत नेऊन दाखवला. हिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, हा तुमच्या बाजूला नाही, मध्ये आहे. माझ्या मते माझ्याच बाजूला आहे. वाद घातला नाही.

४ ऑगस्ट
गुप्त योजना. काल डॉक्टरांकडून वेलीच्या कांड्या आणल्या, पानं खुडून, कागदात गुंडाळून. डॉक्टरांना सांगितलं, हिला कळू देऊ नका. ते म्हणाले, तुमच्या घरात सगळेच मला असं सांगतात.

आज पहाटे, ही उठायच्या आत, जांभळाभोवती सगळीकडे लावल्या. बुंध्यापासून लांब. माती एक चिमूटसुद्धा चढवली नाही. उघडी जमीन झाकली जाईल, हिरवं दिसेल. ही म्हणेल, वेल परत फुटली. मी म्हणेन, हो, फुटली.

चहाच्या वेळी ही अंगणातून आत आली. चेहरा गंभीर. म्हणाली, मागे कुणीतरी येऊन गेलंय. नवखा माणूस असावा. सगळ्या कांड्या डोकं खाली, पाय वर करून लावल्यात.

मी म्हटलं, नजर ठेवायला हवी. ही म्हणाली, हवी. आणि बशीत चहा सांडला.

दुपारी झोपलो. उठून पाहिलं तर कांड्या सगळ्या सुलट. वेताची खुर्ची बाहेर, झाडाच्या कुंपणाकडच्या बाजूला, सावलीत. खुर्चीत कुणी नव्हतं, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. ओल्या मातीत कांडी-कांडीजवळ ठसे. लहान पाय, उजव्या ठशात गोल, मध्ये भोक.

पायाने पुसून टाकले. सगळे.